डाव्या कुशीचे पाव्हणे

बेंदूर झाल्यानंतरचा रविवार, दुपारचे चार. जागा : आमचा हॉल, कडेगाव.

हजर : आबा (माझे सासरे), कॉटवर, डाव्या कुशीवर. तात्या (आबांचे धाकटे भाऊ), मागच्या दाराजवळच्या खुर्चीत. माझे यजमान. शेजारच्या वहिनी. लिहिणारी मी. गैरहजर : बाई.

वहिनी म्हणाल्या, "अहो, गेलेल्या माणसाचं नाव हजेरीत कशाला?"

त्यावर आबा कॉटवरून म्हणाले, "लिव्ह गं. गैरहजर लिव्ह. रजा न सांगता गेल्यात म्हनून लिव्ह."

म्हणून लिहिलं.

बैठकीपुढे दोन विषय होते. बाईंनी मागे ठेवलेल्या उशा, चादरी आणि तो हातातला आरसा कोणाकडे राहणार, हा एक. बाई ज्या घरांत झोपून असलेल्या माणसांना बघायला जायच्या तिथे आता कोण जाणार, हा दुसरा. दोन्ही विषय चहा यायच्या आत संपले, कारण मी नावं घालूनच कागद आणला होता. मग तात्या म्हणाले, "त्यांच्याबद्दल कायतरी लिवायला पायजे. नुसती उशांची वाटनी नगं." मी हायस्कूलच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. घरात काही लिहायचं निघालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

बाई गेल्या महिन्यात गेल्या. साताऱ्याला भाचीकडे चार दिवस म्हणून गेल्या होत्या. दुपारी जेवून खुर्चीत बसल्या आणि तिथेच संपल्या. भाची फोनवर म्हणाली, "मावशी एका जागी इतका वेळ कधी बसत नाही, म्हणून मी बघायला गेले." हे ऐकून आम्ही रडायच्या आधी हसलो.

कारण बाई खरंच एका जागी बसत नसत. बोलता बोलता एका बाजूचं बूड उचलायच्या, थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूचं. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना काहीतरी टोचतंय. मग त्या समोरच्याला विचारायच्या, "तू कधीपासून बसलायस? हल जरा." बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. वडूजहून साताऱ्याला जाणाऱ्या एस.टी.त त्यांनी ड्रायव्हरला एकदा भर रस्त्यात सांगितलं होतं, "दादा, स्टॉप आला की सीटवरून उठून उभा राहत जा. नुसता ब्रेक दाबू नकोस." गणपतीत मंडळानं व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते रंगात आले होते. बाई मधल्या रांगेतून उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वक्त्यांनी बोलत राहावं. बाकीच्यांनी एकदा उभं राहून परत बसा." सगळा मंडप उभा राहिला. वक्त्यांना वाटलं लोक निघाले. त्यांनी घाईघाईनं समारोप केला. पुढच्या वर्षी मंडळानं बाईंना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली. व्याख्यानं लांबू नयेत म्हणून.

बाई साताऱ्याच्या एका दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर इथे आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या घेऊन राहिल्या. कडेगावच का, असं विचारलं की म्हणायच्या, "इथल्या पाण्यात चादरी स्वच्छ निघतात." ठेंगण्या, स्टार्च केलेली साडी, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये पैसे असोत नसोत, दाढीच्या पेटीतला असतो तसला एक छोटा आरसा असायचाच. तोंड बघायला नव्हे. झोपलेल्या माणसाची टाच न उचलता खालून बघायला.

रस्त्यात भेटल्या तर नमस्कार-चमत्कार नाही. पहिला प्रश्न, "घरात कोण झोपून आहे?" कोणी नाही म्हटलं की त्यांचा आपल्यातला रस संपायचा. आहे म्हटलं की त्या तशाच वळून आपल्याबरोबर चालू लागायच्या. घरात शिरल्यावर चहा विचारला तर म्हणायच्या, "आधी टाच दाखवा." टाच, खुबा, माकडहाड, खांदा, कान आणि डोक्याची मागची बाजू एवढं बघून झाल्याशिवाय त्यांनी कोणाच्या घरी चहा घेतला नाही. आणि चहा घेतल्यावर तो गोड आहे, पांचट आहे, कप तेलकट आहे, हे सांगितल्याशिवाय उठल्या नाहीत. स्वतःला पिठलंसुद्धा धड येत नव्हतं.

त्यांचं शिक्षण कुठं झालं, असं विचारलं तर मिरजेच्या नाहीतर साताऱ्याच्या कॉलेजचं नाव येईल असं वाटायचं. त्या सांगायच्या, "वडूजला. आमच्या गोठ्यात." त्यांचे वडील कोरडवाहू शेतकरी. औताला बैल जुंपायच्या आधी आणि सोडल्यावर ते बैलाच्या मानेवरून रोज तळहात फिरवायचे. जू घासून कातडी गरम झाली असेल तर दुसऱ्या दिवशी औत बंद. शेजारचे नावं ठेवायचे, की पाऊस झालाय, वापसा आलाय, रान पेरणीजोगं झालंय आणि हा बैलाची मान कुरवाळत बसलाय. "बेंदराच्या आदल्या दिवशी सगळा गाव बैलांचे खांदे मळतो," बाई म्हणायच्या, "माझा बाप रोज मळायचा. नर्सिंगच्या पुस्तकात मी पुढं जे वाचलं, ते मला हाताला आधीच माहीत होतं."

त्यांची काही वाक्यं आमच्या गल्लीत आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. "माणूस गादीवर झोपत नाही, हाडावर झोपतो." "लाल दिसलं की चोळायचं नाही, हलवायचं." "ओढायचं नाही, उचलायचं." "आराम करा" हे शब्द कोणी पेशंटजवळ बोललं तर त्या अंगावर यायच्या. "आराम निरोगी माणसानं करावा. याला काम आहे. यानं हलायचंय."

पावडरशी त्यांचं वैर होतं. आमच्याकडे माणूस झोपून आहे म्हटल्यावर भेटायला येणारा बिस्किटाचा पुडा, शहाळं आणि पावडरचा डबा घेऊन येतो. पाठीला पावडर थापली की सेवा झाली, असं मानतात. घामात पावडर मिसळून ती वाळूसारखी खरखरीत होते आणि तीच कातडी घासते, हे बाई घसा कोरडा करून सांगायच्या. लोक ऐकेनात, तेव्हा त्यांनी डबेच उचलायला सुरुवात केली. शेजारच्या वहिनींच्या आईकडून उचललेल्या डब्यावरून बाईंचं आणि वहिनींचं मोठं भांडण झालं. ते डबे त्या कोपऱ्यावरच्या कॅरमवाल्या पोरांना द्यायच्या. त्या काळात आमच्या कोपऱ्यावरचा कॅरम सबंध तालुक्यात सगळ्यात गुळगुळीत होता आणि त्याला गुलाबाचा वास यायचा.

आमचा त्यांचा संबंध आला तो आबांमुळे. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घरी ऊस. तोडणीच्या हंगामात ट्रॉलीवर चढून दोर आवळताना आबा वरून पाठीवर पडले. सांगलीला ऑपरेशन झालं. जीव वाचला, हात शाबूत राहिले, जीभ तर फारच शाबूत राहिली, पण कमरेखालची ताकद आणि जाणीव दोन्ही गेली.

ॲम्ब्युलन्स दारात आली तेव्हा मी सगळी तयारी करून बसले होते. कॉट भाड्यानं आणलेली, त्यावर मऊ वाकळ, वर नवी चादर, भिंतीवर औषधांच्या वेळांचा तक्ता. मी बाहेर धावले आणि स्ट्रेचरबरोबर आत येऊन बघते तर कॉटवर एक बाई उताणी झोपलेली. पायातले पांढरे बूट तेवढे काढून खाली नीट ठेवलेले. डोळे मिटलेले. स्ट्रेचर धरलेली माणसं जागच्या जागी थांबली. आबा खालून ओरडले, "ही कोन मेलीय माझ्या जागंवर?"

बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "थांबा, सुभेदार. इथं काहीतरी आहे." त्या इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या आणि उठून वाकळेवर बोट ठेवलं. "गाठ. दोऱ्याची गाठ आहे इथं. बरोबर माकडहाडाखाली येणार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाकळ काढ. चादर चारी बाजूंनी ओढून बांध. हात फिरवल्यावर एक चुणी लागता कामा नये." त्या गल्लीत येता-जाता दिसायच्या, तेवढीच ओळख. तरी वाकळ काढली. ज्या आवाजात हे सांगितलं गेलं, त्या आवाजापुढं दुसरं काही सुचत नाही.

आबांना कॉटवर घेतल्यावर त्यांनी विचारलं, "सुभेदार, पायाला डास चावला तर कळतंय का?"

"न्हाई."

"निखारा ठेवला तर?"

"ठेवा की. बघू."

"म्हणजे कमरेखालच्या मुलखात आता तुमचा संतरी नाही. पहारा दुसऱ्यानं करायचा. दर दोन तासांनी पहारा बदली. कबूल?"

आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. दवाखान्यातून निघाल्यापासून त्यांच्याशी कोणीही या भाषेत बोललं नव्हतं. म्हणाले, "कबूल."

माझा तक्ता बाईंना आवडला. त्यात मी उजवी कूस, पाठ, डावी कूस असे रकाने पाडले. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण घड्याळ नुसतं आठवण राहावी म्हणून आहे. वळवायचं कातडी बघून. कातडी लाल दिसली तर दोन तासांची वाट बघायची नाही." पुण्याच्या नणंदेनं हवेची गादी पाठवली, तेव्हा मला वाटलं आता सुटलो. बाईंनी गादीखाली हात घालून हवा तपासली आणि म्हणाल्या, "चांगली आहे. राहू दे. पण ती हवा भरते, माणूस वळवत नाही." पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या, दोन गुडघ्यांमध्ये उशी, अंग पुसल्यावर घासायचं नाही, टिपायचं. अंडी, डाळ, शेंगदाणे भरपूर. हे सगळं आम्ही शिकलो आणि तक्ता व्यवस्थित भरत गेला.

फक्त डाव्या कुशीचा रकाना रिकामा राहायला लागला.

याचं कारण आमच्या घराची रचना. हॉल आरपार आहे. पूर्वेला पुढचं दार, रस्त्यावर उघडणारं. पश्चिमेला मागचं दार, गोठ्याकडे. कॉट दक्षिणेच्या भिंतीला डोकं करून. आबा उजव्या कुशीवर असले की तोंड पुढच्या दाराकडे, डाव्या कुशीवर असले की दाराकडे पाठ. आणि आमच्याकडे आजारी माणसाला बघायला नुसते जवळचे येत नाहीत. सगळी भावकी येते, सोयरे येतात, फौजेतले जोडीदार येतात. आलेल्यानं खुर्चीत बसायचं आणि आजारी माणसानं त्याच्याकडे तोंड करून पडायचं. पाठ केली तर तो अपमान. एका घरी आजारी म्हातारी नेमकी भिंतीकडे तोंड करून झोपलेली असताना तिचा भाऊ आला. तो पाठमोरी बहीण बघून गेला, तो पुढं जत्रेलासुद्धा आला नाही.

आबांना डावीकडे वळवलं की ते जोरकस हातांनी कॉटची दांडी धरून परत फिरायचे. "म्या दाराकडं पाठ करून पडनार न्हाई. फौजेत कवा कुनाला पाठ दावली न्हाई, आता पाव्हन्याला दावू?" आम्ही हसायचो. हळूहळू ते बहुतेक वेळ उजव्या कुशीवरच राहू लागले.

एका सकाळी बाईंनी आरसा न काढताच उजवा खुबा बघितला. रुपयाएवढी जागा लाल होती. त्यांनी माझं बोट धरून तिथं दाबलं आणि सोडायला लावलं. "पांढरी पडून परत लाल झाली असती तर रक्त फिरतंय म्हटलं असतं. ही पांढरी पडतच नाही. आत मांस दबतंय. आज कातडी आहे. उद्या फोड. मग भोक. मग हाड दिसेल. ते भरायला महिने जातात आणि या वयात सगळ्यांचं भरत नाही." हे त्या आबांच्या समोरच बोलल्या. "आजपासून उजवी कूस बंद."

आबांनी छताकडे बघत सांगितलं, "मग पाठीवरच ऱ्हातो."

"सारखं पाठीवर राहिलात तर माकडहाड जाईल."

"जाऊ दे."

बाई त्यांच्याशी वाद घालायला बसल्या नाहीत. खुर्ची ओढून नुसत्या बसल्या, एकदा या बाजूला कलून, एकदा त्या. रस्त्यावर चपलांचा आवाज आला की आबा मान उचलायचे, आवाज पुढं गेला की मान खाली टाकायचे. असं तीनचारदा झालं. बाहेर येऊन बाईंनी मला विचारलं, "कोणाची वाट बघतात?"

मी सांगितलं. धाकट्या भावाची. तात्यांचं घर आमच्या गोठ्यामागंच, मध्ये एक बांध. पण सामाईक विहिरीवर मोटर कोणी कधी चालवायची यावरून दोघांचं वाजलं होतं आणि तात्या भर गल्लीत बोलून गेले होते, "तुझ्या उंबऱ्याला परत माझा पाय लागला तर बापाचं नाव लावनार न्हाई." त्यानंतर तात्यांनी ते पाळलं. आबा पडले तेव्हा ट्रॉलीजवळ सगळ्यात आधी धावत आलेले तात्याच होते. सांगलीला दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते रोज येऊन बसायचे. पण आबा घरी आल्यापासून त्यांचं येणं थांबलं, कारण आता मध्ये उंबरा होता. आबांना वाटत होतं, आज ना उद्या तो येईल आणि नेमका त्याच वेळी आपण पाठ करून पडलेले असू. मग तो जो परत जाईल तो कायमचा.

यजमान म्हणाले, "सोपं आहे. कॉट उलटी फिरवू. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. मग डाव्या कुशीवर तोंड दाराकडं येईल."

वहिनी नेमक्या तेव्हाच आत येत होत्या. "दक्षिणेला पाय? जित्या माणसाचे? अवो, मेलेल्याला ठेवतात तसं!" आबांनीही डोळे मिटले आणि मान हलवली. बाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या म्हणाल्या, "ज्याला झोपायचंय त्याला चालत नसेल तर मलाही चालत नाही. त्यांना झोप लागणार नाही आणि तो ताण अंगावर येईल. दुसरं बघू."

मग त्या घरभर फिरल्या. मागचं दार उघडलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "याला उंबरा नाही?"

मी सांगितलं, नाही. बांधकाम संपता संपता दगड कमी पडला, म्हणून तिथं नुसती फरशी ओढून घेतली होती. बाहेरच्या बाजूला मात्र एकच पायरी, गुडघ्याएवढी उंच.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. मला वाटलं, पुढं चाकांची खुर्ची आणायची म्हणून विचारत असतील.

त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला. पुढच्या दाराला आतून कडी घातली, बाजूच्या खिडकीतून हात बाहेर काढून दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मागून या'. मग मागचं दार सताड उघडलं, खुर्च्या त्या बाजूला नेऊन मांडल्या आणि कॉटपाशी आल्या.

"सुभेदार, पाव्हणे आता पश्चिमेकडनं येणार."

"आवं बाई, मागनं गडीमानसं येत्यात. पाव्हनं येत न्हाईत."

"शत्रू ज्या बाजूनं येणार तिकडं मोर्चा लावतात ना? मग पाव्हणा येणार तिकडं तोंड करा."

आबांनी थोडा विचार केला. "ऑर्डर हाय का?"

"ऑर्डर आहे."

"मग वळवा."

आम्ही दोघींनी चादरीला धरून त्यांना उचलून डावीकडे कलवलं, पाठीशी उशी लावली. ते तसे राहिले.

गल्लीत बोंब झाली. पाव्हण्यांना गोठ्यातून यायला लावतात म्हणजे काय? शेण, मूत, वैरण, त्यात आमची म्हैस अनोळखी माणूस दिसला की शेपटी फिरवणारी. तिसऱ्या दिवशी तालुक्यातले एक पुढारी पांढरेशुभ्र कपडे घालून भेटायला आले. पुढच्या दारावरचं वाचून मागं गेले. आत आले तेव्हा सदऱ्यावर डाव्या खांद्यापासून पोटापर्यंत शेपटीचा हिरवा पट्टा ओढलेला. पाठोपाठ आलेला कार्यकर्ता रुमालानं तो पुसत होता आणि जास्तच पसरवत होता. आबा इतके हसले, इतके हसले की कॉट हलायला लागली. घरी आल्यापासूनचं ते पहिलं हसू. पुढारीही मग हसले. जाताना म्हणाले, "सुभेदार, काळजी घ्या, आराम करा." बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्यांना पायरीवरून परत आत बोलावलं आणि वाक्य दुरुस्त करून घेतलं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी, दुपारी. यजमान कारखान्यावर गेलेले, मी रजेवर, बाई कॉटच्या पायथ्याशी चादर ताणत होत्या. आबा डाव्या कुशीवर. मागच्या दारात उजेड अडला. तात्या उभे होते. हातात दुधाची चरवी, खांद्यावर टॉवेल. दार उघडं, सगळं गाव इथूनच ये-जा करतंय, हे ते बांधापलीकडून बघतच असणार.

ते आबांकडे बघेनात. खाली फरशीकडे बघत राहिले. मग पायानं फरशी चाचपून, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "हितं उंबरा न्हाई."

"न्हाई," आबा म्हणाले. "दगड कमी पडला हुता. तूच आनायचा हुतास, इसरलास."

"म्या इसरलो न्हवतो. तुमीच म्हनला राहू दे."

"बरं, राहू दे म्हनलो. आत ये. माशा येत्यात."

तात्या ती उंच पायरी गुडघ्यावर हात टेकून चढले, आत आले, चरवी खाली ठेवली. आबांच्या चेहऱ्यासमोर खुर्ची होती, तिच्यात बसले. मग आबा म्हणाले, "मोटर कशी हाय?"

"जळली."

"मला वाटलंच. तू रातभर चालू ठिवतूस."

"मग काय करू? तुमी पडल्यापासून दोनी पाळ्या म्याच बघतुया की!"

म्हणजे आमच्या उसाला पाणी कोण देत होतं, ते तेव्हा आम्हाला कळलं. यजमानांना वाटत होतं गडी देतोय. गड्याला वाटत होतं यजमान देतायत.

हे सगळं चाललं असताना बाई कुठं होत्या म्हणाल, तर आबांच्या पाठीमागं वाकून उजव्या खुब्यावर बोट दाबत होत्या. एकदम म्हणाल्या, "पांढरी पडली!" दोघे भाऊ दचकले. "या, तात्या, इकडं या. दाबून बघा. थोरल्या भावाचं बूड आहे, लाजताय काय?" तात्यांना त्यांनी ओढूनच नेलं. तात्यांनी बोटानं दाबलं, सोडलं, पांढरी जागा हळूहळू लाल होताना बघितली आणि टॉवेल तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची पाळी तात्यांची. बाईंनी त्यांना उचलून वळवायला शिकवलं आणि शिकवताना जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. तात्यांनी एकदा आबांना बगलेत धरून वर ओढलं, तेव्हा बाईंनी त्यांना फरशीवर झोपवून तसंच ओढून दाखवलं. सदरा पाठीवर गोळा होऊन तात्या "आवं बाई, आवं बाई" करत राहिले. "कळलं? आता कातडीला काय होतं ते कळलं?" त्यानंतर तात्यांनी कोणालाही कधी ओढलं नाही. लाल जागा आठवड्याभरात निवळली. कातडी फुटली नाही. आजवर कुठंच फुटलेली नाही.

महाबळेश्वरची एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही दोघी एकदा टॅक्सी करून गेलो होतो. पॉइंटवर सगळे दरीकडे बघत उभे. मी वळून बघते तर बाई दरीकडे पाठ करून, चाकांच्या खुर्चीतल्या एका परक्या आजींपुढं उकिडव्या बसलेल्या. आजींच्या मुलाला सांगत होत्या, "मागं कलव. आता पुढं. असं अधूनमधून कर. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना चांगलं वाटतंय असं नाही." परत येताना मी म्हटलं, "बाई, तुम्ही दरी बघितलीच नाहीत." त्या हातातल्या पुड्यातली स्ट्रॉबेरी खात म्हणाल्या, "दरी कुठं जातेय?"

मागच्या दाराची युक्ती त्यांनी खुब्यासाठी केली की तात्यांसाठी, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. उंबरा नाही हे बघून त्या "बरं झालं" म्हणाल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. दर वेळी एकच उत्तर मिळायचं. "मी कातडी बघते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

साताऱ्याला जायच्या आदल्या दिवशी त्या आल्या होत्या. आबांची टाच बघितली, चहाला नावं ठेवली. निघताना मागच्या दारात तात्या पायरी चढत होते. आता तात्यांचाही गुडघा गेलाय. एका हातानं चौकट धरून, दुसरा हात मांडीवर दाबून, मध्ये थांबत ते वर येतात. बाई ते बघत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "एवढी पायरी करून घे. दोन टप्प्यांची. मी आल्यावर बघेन."

मी यादीत लिहिलं. मी लिहिलेली कामं सहसा उरत नाहीत. हे उरलं आहे. आतापर्यंत तीन गवंडी येऊन गेले. तिघंही एकच सांगतात, की दुसऱ्या टप्प्यासाठी बाहेर भर घातली तर गोठ्यातलं पाणी सरळ आत येणार, म्हणून आधी उंबरा बसवावा लागेल. तिसरा तर माझ्यावरच खेकसला, "ताई, उंबऱ्याबिगर दार आसतंय व्हय कुठं?" पुढच्या दारानं या असं तात्यांना म्हणायची यजमानांची छाती होत नाही. आबांना विचारलं तर म्हणतात, "त्याला पुढच्या दारानं ये म्हनू नगंस. तो शब्दाचा पक्का हाय." हे सांगतानाही त्यांचा चेहरा अभिमानानं फुललेला असतो.

आजच्या बैठकीत मी हा विषय शेवटी घेतला. तात्या म्हणाले, "कशाला? चढतुया की." आणि बोलता बोलता खुर्चीत एका बाजूचं बूड उचललं.

बाकी काम : मागच्या दाराची पायरी, दोन टप्प्यांची. उंबरा न बसवता करून देणारा गवंडी शोधणे.